खोत, श्वास तिकडं

शिकलगार सरांच्या प्रयोगशाळेत श्वास सोडायचा असेल तर तोंड दाराकडं करावं लागतं. मी त्यांचा सहायक. टेबलावर जरा वाकलो की मागून आवाज येतो, "खोत, श्वास तिकडं."

सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर हवेतला कार्बन डायऑक्साइड विजेनं पकडतात. सेलला वीज दिली की तो वायू आत अडकतो, उलटी दिली की सुटतो. आमच्या शिराळ्याकडच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी, त्यामुळं एवढं मला समजतं आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. माणसाच्या उच्छ्वासातही तोच वायू. म्हणून सरांचा अख्ख्या मनुष्यजातीवर संशय. मीटरवरचा आकडा चढला की ते आधी माझ्याकडं बघतात. शिपाई मामा एकदा शिंकले तर सगळी मोजणी रद्द झाली.

मग मीही त्यांच्यावर संशय घ्यायला लागलो. सर दर घटकाभरानं मोबाइल काढायचे, भिंतीकडं वळायचे आणि पडदा तळहातानं झाकून बघायचे. मग चेहरा सैल पडायचा. मामा म्हणायचे, शेअरबाजार. मला वाटायचं, आमच्या सेलचे आकडे कुठल्या तरी कंपनीला चाललेत. एकदा मी डोकावलोच. पडद्यावर एक भला मोठा आकडा होता, आणि तो आमच्या टेबलावरचा नव्हता. काय बघताय, असं विचारलं तर म्हणाले, "तुमचं काम बघा."

परवा निधी देणारी समिती आली. पुढचं सगळं संशोधन तिच्या हातात. सेल सुरू झाला, टेबलावरचा आकडा उतरायला लागला, पाहुण्यांच्या माना डोलायला लागल्या. तेवढ्यात सरांनी मोबाइल बघितला आणि पांढरे पडले.

"तिथलाही उतरला," एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांना तसंच सोडून जिना उतरले.

म्हटलं, आता चोरी उघड होणार. मामांना चहाचं सांगून मी मोटारसायकल काढली आणि सरांना मागं घेतलं. कुठं विचारलं तर म्हणाले, "घरी."

घरात आतल्या खोलीत त्यांच्या अम्मा पलंगावर पेरू खात बसल्या होत्या. खिडकी सताड उघडी. कपाटावर आमच्या प्रयोगशाळेतल्यासारखाच मीटर.

"लय उकडाय लागलं म्हणून उघडली," अम्मा म्हणाल्या. "तू कवा आलास? कामावरनं काढलं का रं?"

सर दाराला टेकून उभे राहिले, धापा टाकत. मग एकेक सांगितलं. रहिमतपूरहून आणलेल्या अम्मांना फोन ऐकू येत नाही. कॅमेरा लावला तर, पोरगा आईवर पहारा ठेवतो म्हणून, त्यांनी त्याच्यावर उशीचा अभ्रा घातला. मग सरांनी हा मीटर ठेवून मोबाइलला जोडला. बंद खोलीतला आकडा वर आहे म्हणजे आत कुणीतरी श्वास घेतंय.

मामांचा फोन आला, पाहुणे दुसऱ्या चहावर आलेत.

"येतो म्हणावं," सर म्हणाले, पण हलले नाहीत. पंखा वाढवला, खिडकी ओढून घेतली आणि पलंगाच्या कडेला बसून मोबाइल पहिल्यांदाच माझ्यासमोर धरला. आकडा हळूहळू चढत होता. मी सवयीनं तोंड दाराकडं वळवलं.

"खोत," सर म्हणाले, "श्वास इकडं."