अकरा नाश्ते आणि एक जेवण

ताडोबाच्या जंगलात शिरायच्या मोहर्ली प्रवेशद्वारापासून दोनशे पावलांवर सोनीबाईची खानावळ आहे. नऊ वर्षं झाली, ती तिथेच आहे. कागदोपत्री मात्र ती अजून व्हायची आहे. कारण खानावळीला परवानगी हवी, परवानगीला मानकं हवीत, आणि जंगलाच्या तोंडाशी असलेल्या खानावळीची मानकं आजवर कोणी ठरवलेलीच नव्हती. ती ठरवायला ‘वनपर्यटन भोजनगृह मानक समिती’ नेमली गेली. पहिल्या बैठकीत चहा झाला. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झालं. अभ्यास न करता मत देणं बेजबाबदारपणाचं ठरेल, यावर तिसऱ्या बैठकीत एकमत झालं.

अभ्यासदौऱ्याला लास वेगासच का, असं कोणीही विचारलं नाही. तरीही टिपणीत त्याचं उत्तर होतं: ‘ताडोबात येणारा पर्यटक वाघ दिसण्याच्या आशेवर जिप्सीत बसतो, बहुतांशी हरतो आणि भुकेला परततो. हरून आलेल्या भुकेल्या माणसास कसे जेऊ घालावे, याचा अनुभव कॅसिनोंच्या शहराइतका अन्यत्र उपलब्ध नाही.’ टिपणी वामनरावांनी टाइप केली होती आणि टाइप करता करता ती त्यांना पटलीही होती.

वामनराव मूल गावचे. समितीचे वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन वर्षं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि कार्यालयात याचं कोणी कौतुक करायचं तर दूरच, उलट अडचणीचा माणूस म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जायचं. तरी त्यांना सोबत नेणं भाग होतं, कारण प्रपत्र-ड भरायला त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हतं. दौऱ्यावर जाणारे दोघेच: अध्यक्ष प्रफुल साहेब आणि ते.

निघण्याआधी ते सोनीबाईला सांगायला गेले. मोहर्लीला कामासाठी आले की ते तिथेच जेवायचे. कुडाच्या भिंती, चार बाकं, चुलीवरचा भात. तिचा अर्ज तीन वर्षांपासून त्यांच्याच टेबलावर होता, आणि तिच्याकडे जेवताना त्यांना दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. आठ दिवसांत वापस येतो, आल्याबरोबर पहिली फाईल तुमची, असं ते म्हणाले. सोनीबाईला फाईलपेक्षा दुसरीच काळजी होती.

“भाऊ, तिकडं भात भेटते काय?”

“एवढं मोठं शहर हाये, बाई. भात काऊन नाई भेटन?”

प्रपत्र-ड साधं होतं. भोजनगृहाचं नाव, घेतलेला आहार (नाश्ता किंवा जेवण, जे लागू नसेल ते खोडावं) आणि शेरा. अडचण प्रपत्रात नव्हती. अडचण वामनराव धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या, पट्ट्यातले होते, ही होती. मूल काय आणि चामोर्शी काय, तिथे माणूस पोळ्या खाईल, वडे खाईल, पातोडीचा रस्सा भुरकेल. पण ताटात भात पडून त्यावर वरण येत नाही तोवर तो जेवलेला नसतो. त्याआधी जे झालं तो नाश्ता. हा काही वामनरावांचा हट्ट नव्हता. सूर्य कुठून उगवतो हे जसं त्यांना ठाऊक होतं, तसंच हेही.

पहिलं भोजनगृह म्हणजे बुफे होता. मूलच्या बाजारओळीएवढा लांब, आणि त्यात खाण्याशिवाय दुसरं काही नाही. प्रफुल साहेबांनी पहिल्या टोकापासून मन लावून अभ्यास सुरू केला. वामनराव रिकामी ताटली घेऊन भात शोधत राहिले. अखेरीस एका कोपऱ्यात तो सापडला, पण परतलेला. वर गाजर आणि अंडं. त्यांनी चव घेतली आणि नोंदवलं: ‘फोडणीचा भात. आमचेकडे रात्रीच्या उरल्या भाताचा सकाळी करतात. सबब नाश्ता.’

दुसऱ्या ठिकाणी गार भाताच्या मुटक्यावर कच्चा मासा आला. ‘भात गार, म्हणून शिळा समजण्यात आला. नाश्ता.’ तिसरं इटालियन होतं. तिथे खोलगट थाळीत चिकट, ओलसर भात आला. वामनरावांनी एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि वाढप्याला खुणेने समजावलं, बाबा, घाई नाही, आणखी दोन शिट्ट्या होऊ दे. वाढप्या हसून गेला आणि त्यावर किसलेलं चीज घालून तीच थाळी परत घेऊन आला. शेरा: ‘भात शिजावयाचा आहे. शिजल्यावर कळविण्यात यावे.’

चौथ्या ठिकाणी जेवणाचे नऊ भाग होते. भली मोठी थाळी, मधोमध सुपारीएवढा पदार्थ. वामनराव पंगतीत वाढलेले. सगळं वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. बाकीचं यायचंय म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसले. पाहुण्याला आवडलं नाही असं समजून वाढप्याने थाळी उचलली आणि दुसरी ठेवली. असं नऊ वेळा झालं. शेवटी एक शेफ स्वतः येऊन माफी मागून गेला. त्या दिवशी खरं तर रकान्यातले दोन्ही शब्द खोडावे लागले असते. पण प्रपत्रात एखादा शब्द शिल्लक राहणं आवश्यक असल्याने त्यांनी पाण्याचा ग्लास जमेस धरून ‘नाश्ता’ राहू दिला.

साहेबांना सर्वांत आवडलं ते सहावं. तिथे छतापर्यंत प्लास्टिकचं जंगल होतं, आणि दर पंधरा मिनिटांनी झुडपातून एक वाघ डोकं बाहेर काढून गुरगुरायचा. साहेब भारावून गेले. “पाहा वामनराव, याले म्हणतात नियोजन. आपल्या तिकडं चार-चार दिवस दिसत नाई.” मोहर्लीतल्या प्रत्येक भोजनगृहात वाघाची वारंवारिता निश्चित करावी, ही शिफारस तिथेच लिहून घेतली गेली.

रोज मूलहून मनकर्णाबाईंचा, म्हणजे वामनरावांच्या पत्नीचा, फोन यायचा. जेवले काय, असं त्या विचारायच्या आणि वामनराव खरं ते सांगायचे. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं की सरकारनं वामनरावांना परदेशात नेऊन उपाशी ठेवलंय.

पाचव्या दिवशी साहेबांनी प्रपत्र चाळलं. अकराच्या अकरा नोंदी नाश्त्याच्या. ते दचकले. दोन-चार जागी तरी ‘जेवण’ करून टाका म्हणाले.

“साहेब, भात नाई खाल्ला तं जेवलो म्हणून लिहू कसा? तुमीच सांगा. तुमी जेवले काय इथी?”

प्रफुल साहेब चामोर्शीचे. पाच दिवसांत त्यांनी सोळा प्रकारचे प्राणी खाल्ले होते.  त्यांनी खाली सही केली आणि खिशातून घरून आणलेला पेढा काढून खाल्ला.

नागपूरला उतरल्यावर गाडी घराकडे वळायला हवी होती. साहेब म्हणाले, तुलनात्मक अभ्यासासाठी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून घेऊ. मोहर्लीला पोचेस्तोवर दुपारचा एक वाजला होता. सोनीबाईने आधी हात धुवायला पाणी दिलं. पत्रावळी मांडल्या, वाफाळता भात वाढला, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण आणि बाजूला वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. प्रफुल साहेबांनी चार वेळा भात घेतला. चौथ्यांदा त्यांनी नुसतं हाताने खुणावलं, कारण तोंड रिकामं नव्हतं. वामनरावांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. हात धुतल्यावर त्यांनी बारावी नोंद केली. आहार: जेवण. शेरा: ‘जेवलो.’

प्रपत्र छाननी कक्षात गेलं, आणि तिथून जे आलं ते तर्काला सोडून मुळीच नव्हतं. समितीने भोजनगृहांचा अभ्यास करणं अपेक्षित असताना अकरा ठिकाणी केवळ नाश्ता केला. सबब अभ्यास अपूर्ण असून दुसऱ्या दौऱ्यास मान्यता देण्यात येत आहे. समितीने जेवण एकाच ठिकाणी घेतलं असून त्या खानावळीस परवानगी नाही; सबब शासकीय समितीस विनापरवाना जेऊ घातल्याबद्दल ती खानावळ महिनाअखेर बंद का करू नये, याचा खुलासा संबंधित महिलेने करावा.

वामनराव धावतच छाननी कक्षात गेले. तिथला अधिकारी अश्वजित, त्यांच्याच वस्तीतला, धाकट्या भावाच्या मुलासारखा. जयभीम, काका, म्हणून त्याने उठून खुर्ची दिली.

“काका, एका जागी ‘जेवण’ लिवून टाकलं असतं तं?”

“जेवलो असतो तं लिवलंच असतं बाप्पा.”

“मंग सोनीबाईच्या तिथं तरी ‘नाश्ता’ लिवाचा.”

“चार डाव भात घेतला लेका साहेबानं. त्याले नाश्ता म्हणू?”

अश्वजितला पोटातून हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्याने नियमांची वही उघडली आणि एक वाट काढून दिली. इथे जेवल्याचं आणि जेवण चांगलं असल्याचं दहा जणांनी पूर्ण नाव, पत्ता लिहून सहीनिशी सांगितलं, तर नोटीस मागे घेता येते आणि तात्पुरती परवानगीही देता येते. वामनरावांना वाटलं, दहाच? एका सकाळचं काम. त्यांनी स्वतः रेघा मारून तक्ता तयार केला, सोनीबाईच्या बांबूच्या खांबाला अडकवला आणि शेजारी सुतळीने पेन बांधला.

पहिली सही त्यांनीच केली. ती बाद झाली, कारण ते समितीचे कर्मचारी. शिवाय त्यांनी खानावळीची बाजू घेतली, सबब त्यांना दुसऱ्या दौऱ्यातूनही वगळण्यात आलं. साऱ्या प्रकरणात त्यांना आनंद झाला तो एवढाच. प्रफुल साहेबांनी कळवलं की ते तिथे जेवले नव्हते, त्यांनी चार वेळा पाहणी केली होती. जिप्सीचे चालक म्हणाले, आमी तं रोजच येतो, आमच्या सहीचं काय, पर्यटकांची घ्या. पर्यटक पोटभर जेवले, सोनीबाईला ताई म्हणाले, चुलीजवळ तिच्यासोबत फोटो काढले. तक्त्याकडे पाहून मात्र एकेकाचा चेहरा गंभीर होऊ लागला. सरकारी कागद, पूर्ण नाव, वर पत्ता. उगाच कशात अडकायचं? सगळ्यांनी तिथेच फोनवर पाच-पाच तारे दिले. आजमितीला सोनीबाईच्या नावावर चारशे बारा लोकांचे तारे आहेत, पण ताऱ्यांना पत्ता नसतो, त्यामुळे छाननी कक्षाला ते धरता येत नाहीत.

वामनराव रोज संध्याकाळी फोन करतात. सोनीबाई तक्त्याकडे पाहून सांगते, “नाई भाऊ, आज बी नाई.” मग तीच त्यांना विचारते, तुमी जेवले काय.

मागच्या हिवाळ्यात तुम्हीही ताडोबाला आला होतात. वाघ दिसला नव्हता, म्हणून तोंड पाडून सोनीबाईच्या बाकावर बसला होतात, आणि तिसऱ्यांदा भात मागताना म्हणाला होतात की असं जेवण शहरात कुठेच मिळत नाही. सोनीबाईसोबतचा तुमचा तो फोटो पुष्कळांना आवडला होता. महिना संपायला अजून सहा दिवस आहेत. तक्ता खांबाला आहे, वामनरावांच्या बाद सहीखालच्या दहाही ओळी रिकाम्या आहेत, आणि पेन सुतळीने बांधलेला आहे. तो कोणी नेऊ नये म्हणून.