अज्ञात कवी आणि स्कूटर

मराठीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर छपाईला गेला आणि मग तो काढणाऱ्या सरांना कळलं, की तुलनेच्या प्रश्नातल्या दोन्ही कविता बाजारातल्या गाइडमध्ये उत्तरांसकट छापून आल्या आहेत. छापखानेवाला फोनवर ओरडत होता, "सर, मशीन सुरू आहे, काय ते आत्ता सांगा!"

त्या घटकेला सरांना तोंडपाठ अशा दोनच कविता आठवल्या. एक, जी देऊन त्यांनी कॉलेजात बायकोला पटवलं होतं. दुसरी, जी त्यांनी गेल्या वाढदिवसाला तिच्यावर केली होती. विषय दोन्हींचा एकच, तिची वाट पाहणे. प्रश्नाला काळ मात्र वेगवेगळे हवे होते. सरांनी पहिलीखाली 'मध्ययुगीन, अज्ञात कवी' आणि दुसरीखाली 'आधुनिक कवी' असं ठोकून दिलं आणि सुटलो म्हणून घाम पुसला.

पण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायला आले ते थेट त्यांच्याच घरी. त्यांची बायको, म्हणजे बाई, याही मराठीच्या शिक्षिकाच होत्या आणि तपासणी त्यांच्याकडे होती.

"अहो, माझ्यावरच्या कविता पेपरात!" बाई लाजल्या. सर मात्र आतून गार पडले. कारण पहिली कविता त्यांची नव्हतीच. ती होस्टेलमधल्या मित्राने लिहून दिली होती, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात सरांनी त्याबद्दल ब्रही काढला नव्हता.

बाई लाल पेन घेऊन बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "'पहिला कवी उंबऱ्यावर उभ्या उभ्या झिजतो. दुसरा स्कूटरवर बसून "पिशव्या दोनच आण" असे ओरडतो.' बरोबर आहे की! हे ऐका, 'पहिल्याने प्रेम केले आहे, दुसऱ्याने लग्न.' याला पैकीच्या पैकी."

"अगं, पोरं काहीही लिहितात."

"'या दोन कवींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसावा.' हुशार आहे हो ही मुलगी!"

सरांना ठसका लागला.

तिकडे गाइडवाले स्वस्थ बसेनात. नव्या आवृत्तीत त्यांनी अज्ञात कवीचं चरित्रच छापलं. तो आंधळा होता, प्रेयसीच्या उंबऱ्यावरच त्याने देह ठेवला, वगैरे. एका संशोधकाने तो उंबरा शोधून काढला. तिथे स्मारक बांधायचं ठरलं आणि समितीचं अध्यक्षपद सरांच्याच गळ्यात पडलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून सर हो म्हणाले.

मग फोन आला. "लेका, ओळखलंस का? तुझा होस्टेलवाला. आता टायरचं दुकान आहे माझं. पोरीच्या पेपरात माझी कविता आहे, आणि गाइडमध्ये मी आंधळा होऊन मेलोय!"

"अरे, हळू बोल."

"हळू काय? माझं स्मारक बांधताय! येतोच आता, वहिनींसमोरच सोक्षमोक्ष लावतो."

टायरवाला खरंच आला. बाईंनी चहा दिला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "वहिनी, ती उंबऱ्याची कविता माझी आहे."

सरांनी डोळे मिटून घेतले. आता सगळा संसार पुन्हा तपासायला जाणार, असं त्यांना वाटलं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्या वर्षी ती मला चार जणांनी दिली होती."

"चार?" टायरवाल्याचा चहा बशीत सांडला. "मी तर तिघांनाच लिहून दिली होती! चौथा कोण?"

"तुम्हीच की. वाचनालयाच्या जिन्यात."

टायरवाला एकाएकी टायरच्या किमतींवर बोलू लागला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

सरांनी टायरवाल्याची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "मग हो मलाच का म्हणालीस?"

"कविता देताना बाकीच्यांनी आठही कडवी म्हणून दाखवली. तुम्ही तिसऱ्यातच अडकलात आणि घाबरून गप्प बसलात. म्हटलं, हा माणूस खोटं फार वेळ बोलू शकणार नाही."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि स्कूटरची?"

"कविता म्हणून काठावर पास," बाई पिशव्या घेत म्हणाल्या, "पण तुमची आहे, म्हणून कपाटात जपून ठेवलीय. चला, बाजारात जायचंय."

बाजारात बाईंना बराच उशीर झाला. सर स्कूटरवर बसून होते. त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही आणि बाई चार पिशव्या घेऊन आल्या, तरी ते चकार शब्द बोलले नाहीत.