बुलबुलाच्या बुडावरचा लाल ठिपका

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, डोंगर होता, सिंहमहाराज होते, आणि महाराजांची आरती ओवाळणारे तर झाडागणिक होते. नव्हतं ते फक्त चित्र. शेजारच्या जंगलात म्हणे एक चित्र आहे, असं महाराजांच्या कानावर आलं आणि त्या दिवसापासून त्यांना शिकार गोड लागेना.

मग साळूबाईंना बोलावणं गेलं.

साळूबाई म्हणजे साळिंदर. तुम्ही साळिंदर जवळून पाहिलं नसेल तर बरंच आहे. ज्यांनी पाहिलं ते अजून काटे काढत बसलेत. पण साळूबाईंचा स्वभाव गरीब. त्यांचे काटे टोचायला नव्हतेच मुळी, लिहायला होते. मानेवरचे जाड, पाठीवरचे मध्यम आणि शेपटीजवळचे इतके बारीक, की त्यांनी मुंगीच्या मिशा काढाव्यात. शाई त्या घरीच करायच्या. वणवा विझला की खोडांवरची काजळी गोळा करायची आणि बाभळीच्या डिंकात घोटत बसायचं. कागद गांधीलमाश्या पुरवायच्या. लाकूड चावून चावून त्या आपलं घर बांधतात ना, त्यातलंच थोडं सामान लांबरुंद थापून द्यायच्या.

महाराजांचा हुकूम साधा होता. सबंध जंगलाचं चित्र काढायचं, एकही पान सुटता कामा नये. आणि बघणाऱ्याची नजर सगळ्यांत आधी महाराजांवर गेली पाहिजे. गेली, तर साळूबाई राजचित्रकार. नाही गेली, तर त्यांचे सगळे काटे उपटायचे आणि दरबारी मंडळींना दात कोरायला वाटून टाकायचे.

आता बिनकाट्याचं साळिंदर कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. घुशीची थोरली बहीण. साळूबाईंनीही ते डोळ्यांसमोर आणलं आणि दोन दिवस त्यांना कंद गिळवेना. अब्रूचं सोडा हो, काटे गेले तर चित्रं कशानं काढणार?

तर त्या कामाला लागल्या. सात वर्षं मान वर केली नाही. सावली दाखवायची म्हणजे रेघेवर आडवी रेघ, तिच्यावर तिरकी रेघ. रेघा जितक्या दाट, तितकी सावली गडद. अकरा हजार चारशे पानं झाली, आणि प्रत्येक पानाला शिरा. माशांना खवले झाले. महाराजांच्या आयाळीतला केस न् केस झाला. आयाळीत दोन उवाही होत्या, पण वरून विनंती आल्यामुळे त्या शिंपल्यानं खरवडून काढाव्या लागल्या.

चित्र पुरं झालं. साळूबाई चार पावलं मागे सरल्या, डोळे बारीक करून पाहू लागल्या. नजर ठरतच नव्हती. सगळीकडे सारखंच बारीक काम. जत्रेत आई हरवलेल्या पोरासारखी नजर या पानावरून त्या पानावर भटकत होती. तिला टेकायला एक जागा हवी होती. रंगाची एक टिकली. एकच.

ती कुठे लावायची, यावर त्यांनी महिनाभर डोकं खाजवलं. महाराजांवर लावावी, तर महाराज पडले मातकट. लाल काही असलंच तर जीभ, आणि चित्रासाठी तोंड उघडायला महाराज तयार नव्हते. आतला एक सुळा पडला होता.

तेवढ्यात फांदीवर बुलबुल येऊन बसला. हा साळूबाईंचा शेजारी. सात वर्षं रोज सकाळी यायचा आणि चित्रातला आपण कधी पुरा होतो म्हणून विचारायचा. चित्रात तो महाराजांच्या डोक्यावरच्या फांदीवर, पाठमोरा बसला होता. साळूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सगळा पक्षी मातकट, डोकं काळं, आणि शेपटीखाली, बरोब्बर बुडावर, लाल ठिपका. देवानं एवढ्या पाखराला एवढासाच रंग दिला आणि हात आवरला. साळूबाईंना हसूच फुटलं. त्यांना जागा सापडली होती. नजर आधी त्या ठिपक्यावर जाणार आणि तिथून घसरली की थेट महाराजांच्या आयाळीत पडणार.

त्यांनी शाई पुरी वाळू दिली. लाखेचा लाल रंग केला. शेपटीजवळच्या सगळ्यांत बारीक काट्याच्या टोकावर थेंब घेतला, श्वास रोखला आणि ठिपका ठेवला.

आणि काय सांगू बाळांनो, सबंध चित्र जागं झालं. अकरा हजार चारशे पानं हलायला लागल्यासारखी वाटली. साळूबाईंना आनंदानं रडू आलं. बुलबुलालाही आलं, पण तो स्वतःकडे पाहून रडत होता.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज चित्राशेजारी छाती काढून उभे राहिले. मंडळींनी वर पाहिलं आणि सगळी एका सुरात म्हणाली, “बुलबुलाचं बूड.”

महाराजांची छाती थोडी आत गेली.

“आणि नंतर?” महाराजांनी विचारलं.

“नंतर आपण, महाराज.”

महाराजांनी यावर बराच वेळ विचार केला. विचार करायची सवय नसल्यामुळे त्यांना घाम आला. आपण जंगलाचे राजे, आणि आपला नंबर बुडानंतर. त्यांनी माकडांना चिमटे आणायला सांगितलं.

साळूबाईंचे काटे त्या दिवशीच जायचे. पण तेवढ्यात सरडोजीराव पुढे आले. सरडोजीराव म्हणजे सरडा, आणि रंग या विषयात त्यांचा अधिकार फार मोठा. दिवसातून सात वेळा ते स्वतःवरच प्रयोग करायचे. त्यांनी महाराजांना समजावलं, की चूक रंगाची नाही, रंगाच्या टंचाईची आहे. एकालाच रंग मिळाला म्हणून सगळे त्याच्याकडे पाहतात. सर्वांना मिळाला, महाराजांना सर्वांत जास्त मिळाला आणि त्या बुडाला अजिबात मिळाला नाही, की प्रश्न मिटला. महाराजांना ते पटलं. एक रंगभरण समिती नेमली गेली, अध्यक्षपद सरडोजीरावांना मिळालं आणि काटे उपटण्याचा कार्यक्रम उद्घाटनापर्यंत पुढे गेला.

समितीकडे अर्जांचा पाऊस पडला. मोरानं सात रंग मागितले आणि आठवा राखीव ठेवायला सांगितला. रानरेड्यानं लाजत लाजत गव्हाळ मागितला, कारण घरी स्थळं पाहणं चाललं होतं. घुबडाला राखाडीच हवा होता, पण इतरांच्या राखाडीपेक्षा वेगळा. एका मुंगीनंही अर्ज केला. ती चित्रात नेमकी कुठे आहे हे शोधण्यात समितीचे दोन दिवस आणि तीन अल्पोपाहार गेले.

साळूबाई रोज बैठकीला जायच्या आणि रोज तेच सांगायच्या. शाई डिंकाची आहे. पाणी लागलं की सुटते. रंग द्यायचाच तर पातळ, एकदाच आणि हलक्या हातानं द्या, आणि मुख्य म्हणजे थोडा द्या.

“रेघ बोलत असताना रंगानं हळू बोलावं, रावसाहेब,” त्या म्हणाल्या.

हे ऐकताना सरडोजीराव थेट साळूबाईंच्या रंगाचे झाले होते. साळूबाईंना फार धीर आला. मग ते महाराजांकडे वळले आणि महाराजांच्या रंगाचे झाले. हलक्या हाताच्या कामासाठी त्यांनी हत्तीची निवड केली. हत्ती समितीत होता, कारण तो मोठा होता.

पण त्याआधी बुडाचा बंदोबस्त झाला, आणि तो अगदी चोख झाला. समितीच्या देखरेखीखाली शिंपल्यानं तो लाल ठिपका खरवडून काढला. आतला कोरा कागद दिसू लागला. मग कुणीतरी शंका काढली, की बाकीचं रंगवताना चुकून तिथे एखादा थेंब उडाला तर? लगेच ठराव झाला, की या जागेवर यापुढे कोणत्याही रंगाचा थेंब पडता कामा नये. मधमाश्यांकडून मेण मागवलं आणि बुडावर जाडसर थापून बसवलं. खऱ्या बुलबुलालाही दरबारात शेपटी खाली ठेवायची ताकीद मिळाली. तो बिचारा चालता चालता शेपटीवर पाय पडून पडायचा.

मग हत्तीनं सोंडेत हळदीचं पाणी भरलं आणि महाराजांवर सोडलं.

मोराची नीळ सोडली. रानरेड्याचा गव्हाळ सोडला. पळसाचा केशरी, काताचा तांबडा, पानांचा हिरवा, सगळं बादली बादली सोडलं. आधीचं वाळेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि हारही सांगून ठेवले होते. काजळी सुटली. पानं पानांत मिसळली, खवले नदीत विरघळले, महाराजांची हळद गवतात गेली आणि गवत महाराजांत आलं.

साळूबाई बघत उभ्या राहिल्या. सात वर्षं त्यांच्या पायांवरून वाहत नाल्याकडे चालली होती. त्यांना फार वाईट वाटलं, बाळांनो. काटे गेले तर गेले, असंसुद्धा क्षणभर वाटलं. बुलबुल त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि त्या दिवशी त्यानं स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

शेवटी चित्राचा रंग अंगणात टाकलेल्या शेणकाल्यासारखा झाला. समितीनं त्याला भव्य म्हटलं.

उद्घाटनाला सारं जंगल लोटलं. सनई झाली, सत्कार झाले, सरडोजीरावांना दोन शाली मिळाल्या आणि दोन्ही शालींच्या रंगाचं होता होता त्यांना भोवळ आली. मग माकडानं वर चढून शेवटचं काम केलं. मेण सोलून काढलं.

शेणकाल्याच्या त्या अफाट पसाऱ्यात एक जागा पांढरीशुभ्र लखलखू लागली.

“बुलबुलाचं बूड,” सगळं जंगल म्हणालं. आधीपेक्षा मोठ्यानं.

महाराजांनी तरीही विचारलं, “आणि नंतर?”

मंडळींनी खूप बारकाईनं पाहिलं. कुणी डोळे चोळले, कुणी मान तिरकी केली. “नंतर काही दिसत नाही, महाराज.”

आता मात्र महाराजांचा संयम सुटला. सरडोजीरावांना शोधा म्हणून आरडाओरडा झाला, पण ते चित्राला पाठ लावून उभे होते आणि हुबेहूब शेणकाल्याच्या रंगाचे झाले होते, त्यामुळे सापडले नाहीत. सापडल्या त्या साळूबाई. काटे असणाऱ्याला लपता येत नाही. माकडं चिमटे घेऊन आली आणि त्यांनी पहिला काटा उपटला. नेमका शेपटीजवळचा, सगळ्यांत बारीक.

साळूबाईंनी तो काटा पाहिला, मग ती पांढरी जागा पाहिली. आणि त्या भयंकर प्रसंगी त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या.

“तो काटा जरा इकडे द्या,” त्या माकडाला म्हणाल्या. “महाराजांची जागा सापडली.”

माकडानं दिला. त्यांनी कमरेची शाईची कुपी उघडली, फांदीवर चढल्या आणि त्या चिंचोक्याएवढ्या पांढऱ्या जागेत महाराजांना काढायला लागल्या. आयाळ काढली, केस न् केस. मिशा काढल्या. डोळ्यांत दरारा काढला. आणि चित्रातल्या महाराजांना तोंड उघडायला लावून पडलेला सुळासुद्धा जागच्या जागी बसवला. रंगाचा थेंब नाही. सगळी काळी रेघ, पांढऱ्याशुभ्र बुडावर.

त्या खाली उतरल्या. मंडळींनी वर पाहिलं.

“महाराज,” सगळं जंगल म्हणालं.

महाराज पुढे आले, मागच्या पंजांवर उंच होऊन आपल्या सुळ्याकडे पाहत राहिले. “आणि नंतर?”

“नंतर काहीच नाही, महाराज,” साळूबाई म्हणाल्या. “फक्त आपणच.”

महाराजांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. साळूबाईंना तिथल्या तिथे राजचित्रकार करण्यात आलं. उपटलेला काटा सन्मानानं परत मिळाला. जागा कुठली आहे हे महाराजांना माहीत नव्हतं असं नाही, पण एवढ्या आनंदाच्या दिवशी तो विषय कोण काढणार?

तेव्हापासून त्या जंगलात येणारे जाणारे चित्रासमोर थांबतात आणि बुलबुलाच्या बुडाला वाकून नमस्कार करतात. बुलबुलावरची ताकीद उठली आहे. आता तो शेपटी वर करून दरबारात येतो आणि महाराज स्वतः उठून उभे राहतात. रानरेड्यापासून घुबडापर्यंत सगळ्यांचे नवे अर्ज आले आहेत, की आम्हाला रंग नको, पण तिथेच महाराजांच्या आसपास कुठेतरी बसवून घ्या. छाननीसाठी समिती नेमली आहे. अध्यक्ष सरडोजीराव आहेत. ते हल्ली पांढरे असतात.

आणि साळूबाई? त्या घरी बसून छोटी छोटी चित्रं काढतात. काळ्या रेघांची, आणि प्रत्येकात कुठेतरी एकच लाल ठिपका. ती बघायला त्या बुलबुलाशिवाय कुणालाही बोलावत नाहीत.

तात्पर्य: ज्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं असतं, त्यानं आपल्याला कुठे बसवलं आहे याची चौकशी करू नये. आणि चित्रकारानं तेवढी एक जागा नेहमी कोरी ठेवावी.