रिकाम्या खुर्चीसाठी आर्डेलचं नाव

आर्डेलला शाळेच्या बोर्डावर पाठवायचं, हे मी ठरवलं ते दालचिनी शोधताना.

आर्डेल, म्हणजे माझा नवरा, डेअरीतून निवृत्त झाला, तेव्हा मला वाटलं, आता हा गळ घेऊन तळ्यावर बसेल. बसला तो माझ्या स्वयंपाकघरात! जन्मभर लोण्याची पिंपं रांगेत लावलेला माणूस, त्याला रिकामं बसवेना. एकदा मी चर्चमध्ये गोधड्या शिवून घरी येते तर काय, फळीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे उभे. पलटण जशी!

"अरे, दालचिनी कुठंय?"

"ठेंगण्यांत बघ."

इतकी वर्षं माझा हात जाईल तिथे दालचिनी असायची. आता हात जाईल तिथे आर्डेल. मी बटाटे सोलायला बसले की मागे उभा.

"साल जाड निघतेय, व्हर्ना."

"तुझीही निघेल आता," मी म्हटलं. पण तो ऐकून सोडून देतो. (पन्नास वर्षं सरावाची आहेत.)

त्या शरद ऋतूत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. मतपत्रिकेवर वर थोरामोठ्यांची नावं आणि अगदी तळाशी, पायपुसण्यासारखं, आमच्या हॅलँड गावच्या शाळेचं बोर्ड, म्हणजे शाळेचा कारभार बघणारे पाच जण. बोर्डावरच्या एका म्हाताऱ्याचे गुडघे मिनेसोटाच्या थंडीला कंटाळले आणि तो उठून ॲरिझोनाला गेला. त्याच्या खुर्चीसाठी कुणीच अर्ज भरला नाही. कसा भरणार? आमच्याकडे आपणहून पुढे होणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. अशा वेळी मतपत्रिकेवर नुसती रिकामी रेघ असते. लोकांनी हवं ते नाव लिहायचं, ज्याचं जास्त वेळा येईल तो बसला खुर्चीत.

ती रेघ मला देवानेच ओढल्यासारखी वाटली. बोर्डाच्या बैठका, शाळेची पाहणी, बसगाड्यांची भांडणं... माणूस घराबाहेर राहण्याची केवढी सोय!

मी सफरचंदाचे केक भाजले आणि दारोदार फिरले. थाळी हातात द्यायची आणि सहज बोलल्यासारखं म्हणायचं, "आमच्या आर्डेलला शाळेची फार कळकळ." (आर्डेल शाळेत शेवटचा गेला तो आमच्या धाकटीने वर्गाची खिडकी फोडली तेव्हा.) लोक म्हणायचे, "वेगळीच कल्पना आहे हं." आमच्याकडे याचा अर्थ "नको गं बाई" असाच होतो, पण गरजवंताला अक्कल नसते. मी आपली पुढच्या दाराला.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी चर्चच्या तळघरात माशाचं जेवण होतं. सगळं गाव माशावर ओतलेल्या लोण्यात बुडालेलं. गोधड्यांच्या कामात माझ्या शेजारी बसणारी ग्लेनिस उठली आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, "आर्डेल, जातोस का बोर्डावर?"

आता आमची रीत सांगते. कुणी काही देऊ केलं, मग ती कॉफी असो की खुर्ची, पहिल्यांदा नाही म्हणायचं, ते वळण म्हणून. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं, ते लाजेखातर. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तरच ते नाही.

"छे, मी कुठला!" आर्डेल म्हणाला. वळण झालं.

"जा की, घरी बसून करतोस काय?"

"माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत गावात." लाज झाली. मी टेबलाखाली हात जोडले.

"बघ हं, शेवटचं विचारते."

"नाही म्हणजे नाही. तिथल्या खुर्च्यांना धड पाठ नाही."

 मी जोडलेले हात सोडले. तेवढ्यात ग्लेनिस माझ्याकडे वळली. "मग व्हर्ना, तूच का जात नाहीस?"

"मी? अगं, मी आठवीतून घरी बसलेली!"

"बरं झालं, विसरायला फारसं नाही. जा ना."

"काहीतरीच काय! कॉफी घ्या सगळ्यांनी."

"व्हर्ना, खरंच विचारते हं मी..."

आणि तिकडे कॉफीच्या मोठ्या पिंपाची तोटी निसटली! कॉफी थेट पाद्रीबाबांच्या बुटांत. मी फडकं घेऊन धावले, तोटी बसवली, पाद्रीबाबांचे मोजे पिळले. परत आले तर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, मोज्यांना हसताहेत.

मंगळवारी मी रिकाम्या रेघेवर आर्डेलचं नाव ठसठशीत लिहिलं. संध्याकाळी निकाल ऐकायला सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमलं. मिल्फर्ड मतं मोजायला होता. त्याने वाचायला घेतलं. राष्ट्राध्यक्ष: याला इतकी, त्याला तितकी. कुणी मान वर केली नाही.

"तळाशी ये, मिल्फर्ड!" मागून कुणीतरी ओरडलं.

"येतोय. शाळेचं बोर्ड, रिकामी जागा." त्याने चष्मा पुसला. "थोरसनांचा बैल, सहा."

टाळ्या झाल्या. बैल जत्रेत पहिला आला होता, त्याचं कौतुक होतंच.

"'कुणीही चालेल', तीन. आर्डेल क्वामे, एक."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुप्त मतदान म्हणतात त्याला!

"आणि व्हर्ना क्वामे, दोनशे अकरा."

"अरे, पण मी नाही म्हटलं होतं!" मी उभीच राहिले.

"दोनदा," ग्लेनिस म्हणाली.

"तिसऱ्यांदा कॉफी सांडत होती!"

"ज्याला खरंच नाही म्हणायचं असतं, तो सांडू देतो."

यावर सगळं गाव मान डोलवायला लागलं.

घरी जाताना गाडीत मी आर्डेलला विचारलं, "तू कुणाला दिलंस?"

"तुला."

"आणि बाकीच्यांनी मलाच का रे? मी तर घरोघर तुझं नाव सांगत फिरले."

"हो ना. दुसऱ्या दिवशी तुझ्या केकच्या थाळ्या परत आणायला मीच जायचो." त्याने सावकाश वळण घेतलं. "थाळी परत देताना माणूस जरा ओशाळलेला असतो. काही सांगितलं तर नाही म्हणत नाही."

"म्हणजे तू माझा प्रचार केलास? माझ्याच केकवर?"

"घरात केवढं आवरायचं पडलंय, व्हर्ना. तू सारखी मध्ये येतेस."

पहिल्या बैठकीला मी लग्नातलं ब्रोच लावून गेले. बाकीचे चार पुरुष एका बॉयलरवर बोलले, बोलले आणि बॉयलर होता तिथेच राहिला. माझं लक्ष सगळं घरी. तो आता कुठला कप्पा उपसत असेल? लाटणं उंचांत मोजलं असेल की ठेंगण्यांत?

घरी आले तर टेबल मांडलेलं. रश्शातले मांसाचे गोळे, उकडलेले बटाटे आणि वर माझा एप्रन बांधलेला आर्डेल. मी मनाशी म्हटलं, खोट काढल्याशिवाय उठायचं नाही. एक घास घेतला. मग दुसरा. मग रस्सा पावाने पुसून घेतला.

"कसं झालंय?"

"वाईट नाही," मी म्हटलं.

याच्यापेक्षा मोठं कौतुक आमच्याकडे नसतं. माझ्या हातच्या जेवणाला त्याने आजवर एकदाही ते म्हटलेलं नाही. तो कानापर्यंत लाल झाला आणि भांडी विसळत म्हणाला, "पुढची मीटिंग परवाच ना?"

"परवा कशी? महिन्यातून एकदा असते."

त्याचं तोंड असं उतरलं, की नातवंडं निघाली तेव्हाही इतकं उतरलं नव्हतं. "एकदाच? मला बदकाचं करून बघायचं होतं."

बदक. भाजलेलं, वर लाल कोबी. मी रात्रभर विचार केला.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला: शाळेच्या हितासाठी बोर्डाने दर आठवड्याला भेटावं. चौघे पुरुष जराही न बोलता कबूल झाले. (त्यांच्या बायकांनी घरूनच बजावून पाठवलं असणार.) ठराव एकमताने मंजूर! माझ्याच स्वयंपाकघरातून मला कायमचं बाहेर काढण्यासाठी गावाने मतं दिली ती दोनशे अकरा. दोनशे बारावं मी दिलं, तेही हात उंच करून, तोंडाला पाणी सुटलेलं असताना.