चावी बाहेर, माणूस आत

जगूतात्यांच्या विहिरीवरची मोटर नुसतं बटण दाबून सुरू होत नाही. आधी चार चाव्या लागतात.

लासुर्ण्यात आमची आणि तात्यांची विहीर सामाईक, त्यामुळे हा ताप मला घरबसल्या मिळाला. तात्यांची सगळी नोकरी परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत गेली. तिथे डोळ्यांना न दिसणारे कण बोगद्यातून पळवतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे त्यांना रेडिओलहरींचे धक्के द्यायचे. त्या लहरींना लागणारी दांडगी वीज सांभाळणं हे तात्यांचं काम. बोगद्यात जाणाऱ्याने दारावरच्या फळीतून आपली चावी काढून खिशात टाकायची. सगळ्या चाव्या परत बसल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. तात्या निवृत्त होऊन गावी आले ते ही फळी डोक्यात घेऊन.

आता तशीच फळी मोटरीच्या खोलीत आहे. ओल्या रानात माणूस आणि वीज एकत्र नको, म्हणून रानात शिरताना चावी काढायची, बाहेर आल्यावर बसवायची. एक तात्यांची, एक त्यांच्या मंडळींची, म्हणजे शालनकाकींची, एक माझी, एक माझ्या बायकोची. शिवाय मोटर सुरू करण्याआधी तात्या "आत कोण हाय का?" असं ओरडत उसाभोवती फेरी मारतात. रस्त्याने जाणारी टवाळ माणसं मुद्दाम ओ देत.

एकदा मी चावी खिशात विसरून इंदापूरला लग्नाला गेलो आणि नेमकी वीज आली. तात्यांचा फोन. मी म्हटलं, तेवढ्यापुरती माझ्या चावीच्या जागी तार जोडून घ्या की. तार जोडणं म्हणजे बायपास, आणि हा शब्द तात्या शिवीसारखा वापरत. मनातून उतरलेल्या माणसालाही ते 'बायपास'च म्हणत.

"अवो तात्या, मी हितं पंगतीत जिलबी खातोय."

"ते तू म्हणतोस. फळी म्हणती तू आत हायस."

पंगतीतून उठून आलो.

काकी आपली चावी पदराच्या गाठीत बांधत. ह्यांचं एकेक खूळ, असं म्हणत, पण गाठ घट्ट मारत.

गेल्या उन्हाळ्यात काकींना रानातच चक्कर आली. तसंच बारामतीच्या दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. गाठीतली चावी तेवढी तात्यांच्या हाती आली.

दहावं झालं तरी मोटर बंदच. दोघांच्याही उसाने माना टाकल्या. चावी तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात दिसत होती, पण ती बसवा म्हणायला माझी जीभ रेटेना. मनातून मी चिडलोही होतो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरीचा आवाज आला म्हणून धावत गेलो. फळीत तीनच चाव्या होत्या. चौथ्या जागी लाल तारेचा तुकडा जोडून वर चिकटपट्टी नीट गुंडाळली होती.

मी त्या तारेकडे बघत राहिलो. तात्यांनी खिशावर हात ठेवला.

"उसाला पाणी तर पायजे. पर तिची चावी बसवायची न्हाय. चावी बाहेर हाय तवर ती आत हाय."

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

फेरी ते अजूनही मारतात. "आत कोण हाय का?" असं ओरडून झालं की हल्ली थोडा वेळ तिथेच थांबतात. रस्त्यावरची माणसं आता ओ देत नाहीत.