पूजेतला माऊस

रोज दुपारी जेवण झालं की सेतुमाधवरावांचा संगणक त्यांना एकच प्रश्न विचारी: नवी आवृत्ती आली आहे, बसवू का? आणि रोज दुपारी सेतुमाधवराव 'नंतर'वर टिचकी मारून आरामखुर्चीत डोळे मिटत. वर्षभर हे असंच चाललं होतं. तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या त्या घरात दुपारी पंख्याची घरघर, दारातल्या कडुलिंबाची सावली आणि हा प्रश्न, तिन्ही एकदमच येत. कुणी काही ठरवावं अशी ती वेळच नव्हती.

कारण मात्र गंभीर होतं. जवळच्याच आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, ते आपल्या घरच्या तंजावरी मराठीचा कोश रचत होते. साडेतीन हजार शब्द झाले होते आणि ते सगळे टायपिंगच्या एका जुनाट प्रोग्रॅममध्ये होते. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मंदार मूळचा साताऱ्याचा, इथल्या एका कंपनीत संगणकाचंच काम करणारा. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "काका, फाईल पेनड्राइव्हवर घेईन हो, पण उघडायची कशात? नव्या आवृत्तीत तुमचा प्रोग्रॅम चालणार नाही. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतील."

"आणि नवी घेटलीच नाही तर?"

"मग एक दिवस व्हायरस येईल. चौकोनही दिसणार नाहीत."

अशा वेळी शहाणा माणूस झोपतो. सेतुमाधवराव शहाणे होते.

आयुधपूजेच्या दिवशी घोटाळा झाला. कारखान्यात तीस वर्षं यंत्रांना गंध लावलेला माणूस, त्यांचा हात सढळ. सकाळी त्यांनी संगणकाला, माऊसला, प्लगला, इतकंच काय मेन स्विचलाही चंदन-कुंकू लावलं, फुलं वाहिली. संगणक चालूच ठेवला, कारण बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला पान वाढणं, असं त्यांचं मत. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ती हलवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. घरातली ही रीत त्यांच्या पणजोबांनीही मोडली नव्हती.

साडेतीन वाजता डोळा उघडला तेव्हा पडद्यावर नेहमीचा प्रश्न नव्हता. 'मुदत संपली. नवी आवृत्ती साठ मिनिटांत आपोआप बसवली जाईल. नको असल्यास इथे दाबा.' खाली आकडे उलटे पळत होते.

"अय्यय्यो! मंदार!"

मंदार सुट्टीचा लोळत होता, तसाच धावत आला. "त्यात काय, मी दाबतो. आमच्याकडे खंडेनवमीला पूजा झाली की लगेच कामाला लागतात." त्यानं बोट पुढे केलं.

"बोट मागं घे," स्वयंपाकघराच्या दारातून सेतुमाधवरावांच्या पत्नी विद्युलताबाई म्हणाल्या. "तुझी नवमी वरच्या मजल्यावर. हे खालचं घर आहे."

"काकू, मग प्लग काढू?"

"कुंकू लावलंय."

"मेन स्विच?"

सेतुमाधवरावांनी खाली मान घातली. आता आपलं काय होणार हे त्यांना दिसू लागलं. चौदा वर्षं, आणि शेवटी चौकोन! त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"निदान थोडे शब्द तरी उतरून घेऊ," मंदार म्हणाला आणि पेन शोधू लागला. पेनं, वह्या, पुस्तकं, सगळी सरस्वतीपुढे रचलेली होती.

"तोंडाला कुंकू लावलेलं नाही ना?" विद्युलताबाई भिंतीला टेकून बसल्या. "मग म्हणा. आम्ही ध्यानात ठेवतो."

सेतुमाधवराव सुरू झाले. "वेगी, म्हणजे लवकर. अस्के, म्हणजे सगळे. डांगर, म्हणजे हरभऱ्याचं पीठ ताकात कालवून..."

"हरभऱ्याचं?" विद्युलताबाई सरळ बसल्या. "चाळीस वर्षं खाताय ते उडदाचं आहे!"

"उडदाचं?"

"आणखी काय काय लिवून ठेवलंय?"

त्यांनी पुढचा शब्द सांगितला. तोही चुकला. त्यापुढचा अर्धा बरोबर निघाला. मग विद्युलताबाईंनी त्यांना थांबवलं आणि आपणच सांगू लागल्या: रुसलेल्या जावयाला काय म्हणत, ताकातल्या पहिल्या लोण्याला काय, तिन्हीसांजेला दार लोटताना आजी कुठला शब्द पुटपुटे. बाहेर कडुलिंबाची सावली लांबत गेली, चंदनाचा वास खोलीत भरून राहिला. असे शब्द की सेतुमाधवरावांनी कुणाच्या तोंडी कधी ऐकलेच नव्हते. म्हणजे, ऐकले असतील, पण दुपारी.

"काका, पाच मिनिटं राहिली," मंदार कुजबुजला. "देवी समजून घेईल. दाबा."

सेतुमाधवराव उठलेही. पण विद्युलताबाई तेव्हा विहिरीवरच्या गाण्यातला एक शब्द सांगत होत्या, अर्थ अजून यायचा होता. ते पुन्हा खाली बसले. "मग?" त्यांनी बायकोला विचारलं.

आकडे शून्यावर आले. पडदा काळा झाला. मंदारनं डोळे झाकून घेतले. बऱ्याच वेळानं पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: 'हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. सध्याचीच आवृत्ती चालू राहील.' वर्षभर मागे लागून शेवटी पत्रिका जुळत नाही म्हणावं, तसला प्रकार.

"काका, वाचला कोश!" मंदार ओरडला. "अक्षर न् अक्षर जसंच्या तसं!"

"जसंच्या तसं?" सेतुमाधवरावांचा चेहरा पडला. "सरीच झालं, ठीकच झालं. म्हणजे अस्के परत लिवाचं."

"उद्या पूजा हलवली की बसू," विद्युलताबाई कॉफी करायला उठत म्हणाल्या. "पयली चूक पयल्याच पानावर आहे. तिथं तुमचं एकट्याचं नाव आहे."