म्हातारीची गिरकी

विमान उतरवावं तर मीच! बढाई नाही, त्या शनिवारी दुपारपर्यंत हे माझं अगदी प्रामाणिक मत होतं.

आमच्या मोरावियातल्या गावाला गवताची एक धावपट्टी आहे, तिच्या कडेला कँटीन आणि कँटीनसमोर बाकं. शनिवारी क्लबची मंडळी बिअर घेऊन तिथे बसतात आणि जो विमान उतरवेल त्याला पाट्या उंचावून दहापैकी गुण देतात. शाळेच्या परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो!

माझे सासरे लुबोमीर यांनी नऊ वर्षं खपून एक जुनं विमान उभं केलं होतं. दोन मोठी चाकं पुढे आणि एक चिमुकलं शेपटीखाली. ते तिला म्हातारी म्हणतात. आता डॉक्टरांनी त्यांचं उडणं बंद केलं होतं, त्यामुळे म्हातारी कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. मला ती हवी होती. इतकी, की तेवढीच नऊ वर्षं मी त्या माणसाच्या प्रत्येक विनोदाला हसत आलो होतो.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आज एकदा नीट उतरवून दाखवा, किल्ली तुमची. फक्त टेकली म्हणजे उतरली असं समजू नका. पुरती थांबेपर्यंत पाय सुकाणूच्या पेडलवर! हिच्या शेपटीला नाकाच्या पुढे जायची फार हौस."

"अहो बाबा, मला शिकवता?"

"मी कशाला? म्हातारी शिकवेल."

आणि काय टेकवली म्हणून सांगू! तिन्ही चाकं एकदम, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी! बाकांवर पाट्या उठल्या. दहा! दहा! सख्ख्या भावाला चार देणाऱ्या ओताकारनेही दहा! फक्त सासऱ्यांची पाटी मांडीवर पालथी. माझी बायको इवेता तर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

बायको हात हलवतेय आणि आपण बघायचंही नाही? मीही हात केला. आनंदाच्या भरात पाय सैल पडले.

तेवढ्यात डावीकडून वाऱ्याची झुळूक आली. एवढीशी! म्हातारीने नाक तिकडे वळवलं.

"अगं, अगं, कुठे निघालीस!"

मी पेडल दाबलं, पण उशीर झाला होता. शेपूट गर्रकन फिरलं, उजवा पंख गवतावर घासला, डोळ्यांसमोरून कँटीन गेलं, चर्च आलं, चर्चही गेलं! शेवटी आम्ही शेजारच्या खसखशीच्या शेतात, जिकडून आलो तिकडेच तोंड करून उभे. बाकांवरच्या पाट्या एकेक करून खाली गेल्या.

"अरे, लागलं का कुठे?" इवेता धावत आली. मागून सासरे सावकाश आले. आधी त्यांनी पंखाचं मोडकं टोक पाहिलं, मग मला.

"बाबा, टेकली तर छान होती ना?"

"होती की!" त्यांनी आपली पाटी वळवून दाखवली. कोरी! "थांबल्यावर लिहिणार होतो."

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. माझे डोळे भरून आले.

"घ्या, जावईबापू. ट्रॅक्टरची आहे. धावपट्टीचं गवत वाढलंय."

तेव्हापासून दर शनिवारी मी गवत कापतो. गेल्या शनिवारी कँटीनसमोरून जाताना इवेताने बाकावरून हात केला. मी नजर समोर, पाय पेडलवर, ढिम्म हललो नाही! सासऱ्यांनी दहाची पाटी उंचावली.

इवेता मात्र अजून बोलत नाहीये.